पिन बसली म्हणजे अ‍ॅडॉप्टर जुळला असं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: डेलच्या लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर बंद पडलाय, त्यावर आउटपुट १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर लिहिलंय. घरात एचपीच्या जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर पडून आहे आणि त्याची जाडी गोल पिन या लॅपटॉपमध्ये बरोब्बर बसते. तो लावला तर चालेल का? अँपिअर जास्त आहेत म्हणून बोर्ड जळेल का? नवाच घ्यायचा तर काय बघून घ्यायचा? आणि फोनबरोबर आलेल्या ६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरवर भागेल का?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. लॅपटॉप बहुधा सुरू होईल, पण बॅटरी चार्ज होणार नाही आणि मशीन रेंगाळत चालेल. अँपिअरचा यात काही दोष नाही. घोळ आहे तो त्या गोल पिनच्या मधोमध असलेल्या बारीक सुईचा. तिच्याकडे वळण्याआधी दोन-तीन गोष्टी क्रमाने बघू, कारण नवा अ‍ॅडॉप्टर घेताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी पिन बसते का बघतात, मग वॅट, आणि व्होल्ट बघितले तर बघितले.

मुळात अ‍ॅडॉप्टर खरंच गेलाय का? भिंतीपासून अ‍ॅडॉप्टरच्या डब्यापर्यंत येणारी कॉर्ड वेगळी निघते. तीन पाकळ्यांसारखं तोंड असलेली ही कॉर्ड दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपची चालते, म्हणून आधी ती बदलून बघा. फुकटची चाचणी आहे. मग अ‍ॅडॉप्टरचा दिवा बघा. लॅपटॉपपासून सोडवल्यावर दिवा लागतो आणि जोडताक्षणी विझतो, असं होत असेल तर नवा अ‍ॅडॉप्टर आणण्याची घाई करू नका. लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट असण्याची दाट शक्यता असते. अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, आणि नवाही तेच करेल. ओळखीच्या कुणाचा त्याच जातीचा अ‍ॅडॉप्टर लावून बघितला की दोष कोणाकडे आहे ते पाच मिनिटांत कळतं.

मल्टिमीटर असेल तर डीसीवर ठेवून पिनची आतली नळी आणि बाहेरचा पत्रा यांच्यात मोजा. पॉझिटिव्ह आत, निगेटिव्ह बाहेर. १९.५ च्या आसपास आकडा यायला हवा. मधल्या सुईला प्रोब लावू नका, तिथे वीजपुरवठा नसतो, आणि प्रोब घसरून सुई नळीला टेकली तर अ‍ॅडॉप्टरची ओळख लॅपटॉपला सांगणारी चिप कायमची जाऊ शकते. मोजताना पिनच्या मागची वायर हळूच वाकवा. आकडा उड्या मारायला लागला तर वायर आतून तुटलीय, डबा ठणठणीत आहे. हे तुटणं बहुतेक वेळा दोनच ठिकाणी होतं: पिनपासून बोटभर मागे, किंवा डब्यातून वायर बाहेर पडते तिथे. अ‍ॅडॉप्टरभोवती वायर घट्ट गुंडाळून ठेवायची सवय असेल तर दुसऱ्या जागी.

आता लेबल. सगळे जुन्या अ‍ॅडॉप्टरचं लेबल वाचून नवा शोधतात. मी आधी लॅपटॉप उलटा करतो. लॅपटॉपच्या पाठीवर इनपुट म्हणून व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. काही मॉडेलांत ते बॅटरीच्या खाचेत असतात. खरं मागणं ते. तुमच्या हातातला मेलेला अ‍ॅडॉप्टर मुळातला आहे की आधीच कुणी बदललेला, याची खात्री काय? सेकंडहँड मशीनच्या बाबतीत तर हा संशय धरूनच चालावं. ६५ वॅटचा लॅपटॉप ४५ वॅटच्या अ‍ॅडॉप्टरवर रखडत चाललाय आणि मालकाला वाटतंय मशीन जुनं झालं, ही नेहमीची गोष्ट आहे.

व्होल्टेज हा यातला सगळ्यात कडक आकडा. लॅपटॉपना १९-२० व्होल्टच का लागतात? लिथियम-आयन सेल पूर्ण चार्ज झाला की साधारण ४.२ व्होल्टवर येतो. तीन सेल एकापुढे एक जोडले की १२.६, चार जोडले की १६.८. लॅपटॉपमधलं चार्जिंग सर्किट येणारा व्होल्टेज खाली आणून बॅटरीला देतं, त्यामुळे येणारा आकडा बॅटरीच्या कमाल आकड्यापेक्षा अंमळ वर असावाच लागतो. म्हणून बहुतेक कंपन्या १८.५, १९, १९.५ किंवा २० वर येऊन थांबल्या. आयबीएमच्या जमान्यातल्या जुन्या थिंकपॅडना १६ व्होल्ट लागायचे, तोशिबाच्या काही जुन्या मशीनना १५. तसला अ‍ॅडॉप्टर अडगळीतून काढून चार सेलच्या लॅपटॉपला लावलात तर तो बॅटरी भरू शकणार नाही.

अर्धा व्होल्ट इकडेतिकडे चालतो. चांगल्या अ‍ॅडॉप्टरलाही पाच टक्क्यांच्या आसपास सूट असते, म्हणजे १९.५ चा अ‍ॅडॉप्टर प्रत्यक्षात १८.५ पासून २०.५ पर्यंत कुठेही असू शकतो आणि लॅपटॉप ते धरूनच बांधलेला असतो. त्यामुळे १९ आणि १९.५ मध्ये मी फरक करत नाही. १९ च्या जागी २० आणीबाणीला चालवून घेईन, पण विकत घेताना नाही. खरी भीती आहे ती भलत्याच उपकरणांच्या अ‍ॅडॉप्टरची. ५.५ मिलिमीटरची गोल पिन राउटरच्या १२ व्होल्टलाही असते आणि एलईडी पट्टीच्या २४ व्होल्टलाही. १२ व्होल्टवर लॅपटॉप नुसता ढिम्म बसेल. २४ व्होल्टवर मात्र जॅकजवळचे कपॅसिटर आणि मॉसफेट हे बोर्डावरचे भाग सोसण्याच्या हद्दीच्या काठावर येतात. आत जास्त व्होल्टेजपासून संरक्षण असेल तर लॅपटॉप पुरवठा नाकारेल, नसेल तर दुरुस्तीला जाईल. सगळे काळे अ‍ॅडॉप्टर एकाच पिशवीत कोंबून ठेवणाऱ्यांनी प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवून उपकरणाचं नाव लिहावं. मी तेच करतो.

अँपिअरबद्दलची भीती मात्र सोडून द्या. अ‍ॅडॉप्टरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. किती घ्यायचं हे लॅपटॉप ठरवतो. भिंतीतल्या ज्या सॉकेटवर इस्त्री चालते त्याच सॉकेटवर रात्रीचा छोटा दिवाही चालतो, आणि दिवा जळत नाही. तसंच ४.७४ अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरमधून तुमचा लॅपटॉप ३.३४ च्या आतच घेईल. उलट तो आरामात, कमी तापत काम करेल. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट: १९.५ गुणिले ३.३४ म्हणजे ६५, आणि १९ गुणिले ४.७४ म्हणजे ९०. लॅपटॉपला ६५ लागत असतील तर ६५, ९०, १३० काहीही घ्या, फक्त खाली येऊ नका.

खाली आलं तर काय होतं ते वापरावर ठरतं. नुसतं टायपिंग करताना लॅपटॉप वीस वॅटसुद्धा खात नाही, पण त्याच वेळी रिकामी बॅटरीही भरायची असते, आणि तिला तीस-चाळीस वॅट हवे असतात. ४५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर तिथेच दमतो. लॅपटॉपला अ‍ॅडॉप्टरची कुवत कळत असेल तर तो प्रोसेसरला लगाम घालतो आणि चार्जिंग हळू करतो. कळत नसेल तर ओढत राहतो. अ‍ॅडॉप्टरचा दिवा लुकलुकायला लागतो, चार्जिंग सुरू-बंद होत राहतं आणि डबा तापतो. गेमिंगच्या मशीनना तर १८० ते ३३० वॅट लागतात. तिथे ‘थोडा कमी चालेल का’ हा प्रश्नच विचारू नये. प्लग लावलेला असताना बॅटरी उतरत जाते.

आता ती सुई.

डेलच्या पिनमध्ये, मग ती जाडी ७.४ मिलिमीटरची असो वा नवी ४.५ ची, मधली सुई ही माहितीची वायर आहे. अ‍ॅडॉप्टरच्या आत एक इवलीशी मेमरी चिप असते आणि त्या एका वायरवरून ती लॅपटॉपला सांगते की मी डेलचा, इतक्या वॅटचा. लॅपटॉपला हे उत्तर मिळालं नाही की सुरू होताना अ‍ॅडॉप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असा संदेश येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर अगदी खालच्या वेगावर अडकतो. एचपीच्या जाड्या पिनलाही ७.४ मिलिमीटरचंच माप आणि मधोमध तशीच सुई. पण त्या सुईवरची व्यवस्था वेगळी आहे, तिच्यामागे डेलची चिप नाही. म्हणून तुमचा घरचा अ‍ॅडॉप्टर बसतो, वीज देतो, पण ओळख पटवू शकत नाही. एखादी फाइल तातडीने काढायची असेल तर तेवढ्यापुरता लावा. रोजच्या वापराला नको.

याच गोष्टीची दुसरी बाजू: ही माहितीची वायर केबलमध्ये सगळ्यात बारीक असते आणि सगळ्यात आधी तुटते. त्यामुळे मूळ, खरा डेलचा अ‍ॅडॉप्टरसुद्धा काही वर्षांनी हाच संदेश देऊ लागतो. मीटरवर व्होल्टेज चोख, दिवा चालू, आणि चार्जिंग नाही. अशा वेळी पिन थोडी फिरवून संदेश जातो-येतो का बघा. येत-जात असेल तर दोष केबलमध्ये किंवा लॅपटॉपच्या जॅकमध्ये आहे. मदरबोर्ड गेला असं कुणी तिथल्या तिथे सांगितलं तर थोडं थांबा.

बाकी कंपन्यांत लेनोव्होच्या चपट्या, आतून पिवळ्या पिनमध्ये चिपऐवजी रेझिस्टरवरून वॅट ओळखले जातात. असुस आणि एसरच्या बऱ्याच साध्या लॅपटॉपांत ओळखीची भानगडच नसते, दोन टोकं आणि संपलं. तिथे व्होल्ट, वॅट आणि पिन जुळली की काम झालं.

पिनची मापं शेवटी बघायची, पण बारकाईने बघायची. बाहेरचा व्यास सारखा आणि आतला वेगळा, हा कायमचा सापळा. ५.५ मिलिमीटरच्या पिना आतून १.७, २.१ आणि २.५ अशा असतात, ४.० च्या पिना १.३५ आणि १.७. २.१ ची पिन २.५ च्या जॅकमध्ये जातच नाही, ते बरं. पण २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये छान जाते आणि आत सैल राहते. तीन-चार अँपिअर सैल जोडावरून जायला लागले की तो जोड तापतो, काळा पडतो, आणि शेवटी जॅकचं सोल्डर सुटतं. पिन हलवल्यावर चार्जिंगचं चिन्ह जात-येत असेल तर ‘असं धरलं की चालतं’ म्हणून दिवस ढकलू नका. माप व्हर्नियरने घ्या. पट्टीने कळत नाही. लेबलवर मध्ये पॉझिटिव्ह असल्याची गोल खूण आहे ना, हेही बघा. लॅपटॉपांत जवळपास सगळीकडे तीच असते, पण दुसऱ्या उपकरणांच्या अ‍ॅडॉप्टरवर उलटी सापडते.

एकाच कंपनीचा जाड्या पिनचा अ‍ॅडॉप्टर बारीक पिनेच्या लॅपटॉपला लावण्यासाठी छोटे कन्व्हर्टर मिळतात. मधली सुई दोन्ही बाजूंना असेल तर ते चांगले चालतात. डझनभर पिना बदलता येणारे आणि व्होल्टेज स्विचने निवडायचे ‘युनिव्हर्सल’ अ‍ॅडॉप्टर मात्र मी कुणाला सुचवत नाही. पिशवीत तो स्विच सरकला तर लॅपटॉपला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मूळ कंपनीचा घ्यायचा की दुसरा? मिळत असेल तर मूळ घ्या, विशेषतः ओळख तपासणाऱ्या मशीनला. दुसरा घ्यायचा तर हातात घेऊन बघा. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे लेबलवरचा गुणाकार. मोठ्या अक्षरांत ९० वॅट आणि खाली बारीक अक्षरांत १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं असेल तर तो ६५ चाच आहे. सुरक्षेची चिन्हं कितीही छापलेली असोत, छापणं सोपं असतं. त्याच वॅटच्या मूळ अ‍ॅडॉप्टरपेक्षा फारच हलका वाटला तरी शंका घ्या; स्वस्तात बनवताना आधी उडवले जातात ते आतले, विजेतली खरखर गाळणारे फिल्टर.

दुसरी काटकसर होते वायरीत, आणि तिचा हिशोब मांडता येतो. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: अठरा गेजच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०२१ ओहम रोध असतो, बावीस गेजच्या तारेला सुमारे ०.०५३. पावणेदोन-दोन मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन ३.६ मीटर तार धरू. ३.३४ अँपिअरवर जाड्या वायरीत पाव व्होल्ट हरवतो, बारीक वायरीत ०.६४ व्होल्ट. म्हणजे दोन वॅटहून जास्त उष्णता नुसत्या केबलमध्ये. लॅपटॉपपर्यंत १९.५ ऐवजी १८.९ पोचतात. एवढ्याने काही बिघडणार नाही, पण भार वाढला की केबल कोमट लागते आणि तेच तिच्या दर्जाचं प्रमाणपत्र. तारेत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असेल तर आकडा आणखी वाईट.

फिल्टर उडवल्याची खूणही ओळखता येते. चार्जर लावल्यावर टचपॅडवरचा बाण आपोआप थरथरतो किंवा उडतो, हेडफोनमध्ये घुरघुर येते, चार्जर काढला की सगळं शांत. टचपॅड बदलायला निघालेल्या कित्येकांचं काम नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर भागतं. धातूच्या लॅपटॉपवर बोट फिरवताना मुंग्या येतात तो प्रकार थोडा वेगळा: चांगल्या अ‍ॅडॉप्टरमध्येही फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी किंचित करंट बाहेरच्या बाजूला येतो आणि अर्थिंग नसलं की तो बोटाला जाणवतो. तीन पिनांची कॉर्ड नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावली की बहुधा जातो.

टाइप-सीची गोष्ट निराळी. आधी लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतो का ते मॉडेलच्या माहितीत बघा. नुसत्या डेटाचे पोर्टही दिसायला तसेच असतात. घेत असेल तर चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. पॉवर डिलिव्हरी म्हणजे टाइप-सीवरून चार्जिंगची सगळ्या कंपन्यांसाठीची सामायिक पद्धत; तिच्या नेहमीच्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्ट. लॅपटॉपला हवी असते ती २० व्होल्ट, ३.२५ अँपिअरची ओळ. फोनच्या पुष्कळ चार्जरवरचे ६५ वॅट हे त्या कंपनीच्या स्वतःच्या फास्ट चार्जिंग पद्धतीतले असतात, कमी व्होल्ट आणि भरपूर अँपिअर, आणि ती भाषा फक्त त्यांचाच फोन समजतो. पॉवर डिलिव्हरीत तोच चार्जर बराच कमी देत असू शकतो. लेबलवर २० व्होल्टची ओळच नसेल तर विषय संपला.

केबलही तपासा. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच असते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. ६५ वॅटचा चार्जर तिच्यावरून साठच देईल. पुढे जायचं तर ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. पॉवर डिलिव्हरीच्या २०२१ मधल्या नव्या आवृत्तीने ही मर्यादा २४० वॅटपर्यंत नेली, पण त्यासाठी चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिघेही त्या आवृत्तीचे हवेत. दोन-तीन पोर्टच्या चार्जरमध्ये दुसऱ्या पोर्टला फोन लावला की वॅट वाटले जातात आणि लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटून कमी वॅटवर परत सुरू होतं. आणि टाइप-सी चार्जर मीटरने मोजायला जाऊ नका. समोर उपकरण जोडल्याशिवाय तो शून्य दाखवतो. बिघडलेला नसतो.

टाइप-सी चार्जरवरून गोल पिनेच्या लॅपटॉपला वीज देणाऱ्या केबलीही मिळतात. त्या चार्जरकडे २० व्होल्ट मागतात, एवढंच. डेलसाठी ओळखीची चिप आत बसवलेली आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर परत तोच संदेश.

नवा अ‍ॅडॉप्टर आणला की बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरू द्या आणि मग लावा. डेलच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, जोडलेल्या अ‍ॅडॉप्टरचे वॅट दिसतात; तिथे ६५ किंवा ९० दिसले म्हणजे ओळख पटली. मग अर्धा तास जड काम द्या, व्हिडिओ रेंडर करा किंवा गेम चालवा. टक्केवारी चढत राहिली पाहिजे. डबा गरम होईल, तो व्हायचाच. त्यावर हात ठेवून राहता येत नसेल किंवा वास येत असेल तर त्याच दिवशी परत करा.

त्याच बायोसमध्ये अ‍ॅडॉप्टरचा इशारा बंद करण्याचा पर्यायही सापडेल, आणि कुणीतरी तो बंद करा असं सुचवेलही. त्याने सुरू होतानाचा संदेश तेवढा दिसेनासा होतो. बॅटरी तशीच उतरलेली राहते.